कंसातलं मोठ्याने वाचू नये

बिरवाडी फाटा, महाड
मंगळवार, २ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप येसाजीमामा यांच्या पायांशी भाचा मालोजी याचा नमस्कार पोचावा, आणि त्यातला निम्मा उचलून माझ्या आईच्या पायांशी ठेवावा.

(मामा, हे पत्र आईसमोर उघडण्याआधी एवढं मनात वाचून घ्या. मी महाडला माझी एक तपासणी करून घेतली. तिला एकशे वीस रुपये पडले, पेट्रोल धरून एकशे साठ. शिवाय एक बेअरिंग माझ्या पदरचं गेलं, ते का गेलं ते पुढे येईल. हीच तपासणी लग्नानंतर वर्षभरात केली असती तर याहून स्वस्तात झाली असती. तेव्हा केली नाही म्हणून तुळसाच्या चार सोनोग्राफ्या झाल्या, पोटात औषध सोडून फोटो काढला, पुण्याला नेऊन बेंबीपाशी भोक पाडून दुर्बीण घातली, आणि सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अकरा रविवार आंघोळी झाल्या. त्या पाण्याने तिच्या टाचांच्या भेगा तेवढ्या भरल्या. माझ्या एकशे वीस रुपयांचा खरा खर्च हा असा अकरा वर्षांचा आहे, आणि तो सगळा दुसऱ्याच्या अंगावर पडला.

आता वाचायची रीत. कंसाबाहेरचं असेल ते आईला मोठ्याने वाचा, कंसातलं मनात. तुम्ही एकतीस वर्षं पोलादपूरच्या डोंगरात टपाल वाटलंत, आणि नुसतं वाटलं नाहीत, दारोदार बसून वाचूनही दाखवलंत. हैबतीच्या थोरल्याची मुंबईची नोकरी गेली, ते तुम्ही त्याच्या म्हातारीला ‘पोरगा रजेवर आहे’ असं वाचलंत आणि दुसरी नोकरी लागेपर्यंत त्याला दीड वर्ष रजेवर ठेवलंत. तेव्हा हे काम तुम्हाला अवघड नाही. फक्त एक लक्षात असू द्या. आईला अक्षर येत नसलं तरी पानं मोजता येतात. फार वेळ गप्प बसायची पाळी आली तर खोका.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? आईचा दमा थंडीत वर येतो, तेव्हा तिने पहाटे उठून अंगण झाडू नये. अंगण कुठे पळून जात नाही. मामींना त्या दिवशी दिलेली मिक्सरची मोटर नीट चालते ना? आम्ही दोघं सुखरूप आहोत. धंदा चांगला आहे. वसाहतीतले कारखाने पंपांच्या मोटारी जाळतात आणि मी त्यांत नवी तार भरतो, असं आमचं दोघांचं छान जमलं आहे. गेल्या महिन्यात एका मोठ्या कारखान्याचा इंजिनियर जीप घेऊन दुकानात आला. त्यांचा पंप सारखा बंद पडत होता आणि तीन शिकलेली माणसं त्याच्याभोवती बसून होती. मी पंपापाशी गेलो, हात लावला नाही, नुसती मान वाकडी करून उभा राहिलो आणि सांगितलं, पुढचं बेअरिंग ठीक आहे, मागचं गेलंय. उघडून बघतात तर मागचंच. तेव्हापासून वसाहतीत मला ‘कानवाला मिस्त्री’ म्हणतात. असा कान जिल्ह्यात दुसरा नाही असं तो इंजिनियर चार माणसांत बोलला. हे आईला दोनदा वाचून दाखवा.

भागोजी जीपवाल्याबरोबर आईने धाडलेला निरोप शनिवारी मिळाला. १४ तारखेला, रविवारी, आपल्या घरी तुमच्या सूनबाईचं, सेजलचं, डोहाळजेवण आहे हे ऐकून फार आनंद झाला.

(निरोप भागोजीने भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, होता तसा ओतला. “तुजी आय बोलली, मालूला सांग एकटाच ये. तिला नको आनू. ओटी भरायला तिचं काय काम हाय?” तुळसा आत स्टोव्हला पंप मारत होती. तो पंप मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. भागोजीला तिने चहा दिला, सोबत दोन बटर दिले, त्याच्या गाभण म्हशीची चौकशी केली. सेजलच्या बाळासाठी ती महिनाभर एक दुपटं शिवत होती, हिरव्या काठाचं. संध्याकाळी त्याची घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “तुमीच घेऊन जावा.”)

माझ्या प्रकृतीबद्दल भागोजी काही बोलला असेल तर आईने काळजी करू नये. मध्यंतरी माझी काख जरा दुखत होती. आता अगदी बरी आहे.

(काख दुखत नव्हती. काखेत बाटली होती. मामा, हा कंस मोठा होणार आहे. आता खोकायला लागा, आणि जमलं तर आईला चहा ठेवायला आत पाठवा.

झालं असं, की महाडला एक नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, इरावतीबाई म्हणून. डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो. तुळसाची फाइल आता टेलिफोनच्या पुस्तकाएवढी जाड झालीय. बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मग उलटी वाचली आणि विचारलं, “यात यांचे रिपोर्ट कुठे आहेत?” मी म्हटलं, “मीच तर आणलंय हिला.” त्या म्हणाल्या, “आणलंत ते दिसतंय. तुमची तपासणी कधी झाली?” मी सांगितलं, की पाच हॉर्सपॉवरची मोटर मी एकटा उचलून टेबलावर ठेवतो. त्यांनी ते कुठे लिहून घेतलं नाही. विचारलं, “मिस्त्री, तुमच्याकडे बंद मोटर आली की पहिल्यांदा काय बघता?” आता हा प्रश्न माझ्या धंद्यातला. मी छाती पुढे काढून सांगितलं, पहिल्यांदा लाइन बघायची. लाइनच येत नसेल तर मोटर उघडून काय करायचं? एवढं बोललो आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. तुळसा भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टी शोधायला लागली. मामा, अकरा वर्षं मी मोटर उघडून बघत होतो.

मग बाईंनी विचारलं, लहानपणी गालगुंड झाली होती का? मला वाटलं, रोग कुठे आणि ही बाई विचारते कुठे, हिची डिग्री बघून घ्यायला हवी. पण झाली होती, आणि लहानपणी नाही, सतरा वर्षांचा घोडा असताना. तुम्हाला आठवत असेल, ७९ सालचा लावणीचा महिना, अर्धी वाडी गाल धरून बसली होती. माझे दोन्ही गाल सुजले आणि गालांशी संबंध नसलेल्या आणखी दोन जागाही सुजल्या. तुम्ही मला पाठीवर घेऊन पोलादपूरला डॉक्टरकडे निघाला होतात आणि आई म्हणाली होती, “गालगुंडाला कोन डॉक्टर करतो का? नदीला पानी बग किती हाय.” तिने हळदीचा आणि कसल्याशा मुळीचा लेप लावला आणि ती लावणीला गेली. आठ दिवसांनी मी उठून बसलो. हे सगळं सांगितलं तेव्हा बाईंनी मान डोलावली आणि एक चिठ्ठी लिहून मला महिपतीच्या लॅबमध्ये धाडलं.

हा महिपती म्हणजे बाजारपेठेतला रक्त-लघवी तपासणारा, चांगला माणूस, पण लाजाळू. चिठ्ठी वाचून त्याने इकडेतिकडे पाहिलं, जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी लागला. मला ऐकू आलं ते एवढंच, की तीन दिवस पथ्य पाळून या. बस. एवढ्या महत्त्वाच्या कामात माणसाने इतकं लाजावं का? पथ्य म्हटल्यावर मी पथ्य पाळलं. तीन दिवस वांगं नाही, सुकट नाही, मिरची नाही, आंबट नाही. मऊ भात आणि दूध. आजन्म तिखट खाणारा माणूस काही न बोलता दूधभात खातोय हे बघून तुळसाचा जीव कळवळला. तिने मला इतकं जपलं, इतकी जवळ बसली, की लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आमचं एवढं गुळपीठ झालं नव्हतं. (वडीलधाऱ्या माणसाला यापुढचं सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.) चौथ्या दिवशी ताठ मानेने लॅबमध्ये गेलो. महिपतीने विचारलं, “पाळलं पथ्य?” म्हटलं, “अगदी काटेकोर. वांग्याला शिवलो नाही.” त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मिस्त्री, वांग्याचा काय संबंध?” मग त्याने एका कागदावर पथ्य म्हणजे काय ते लिहून दिलं. ते वाचलं आणि मी त्याला म्हटलं, मग तीन दिवस उलटंच झालं की रे. तो म्हणाला, आठवड्याने या.

आठवड्याने गेलो. त्याने हातात एक बाटली दिली आणि मागची मोरी दाखवली. मोरीला प्लायवूडची भिंत, कडीच्या जागी सुतळी. भिंतीपलीकडे साखर तपासायला आलेले दोन म्हातारे गटाराच्या कामात नगरपालिकेने किती खाल्लं ते मोजत होते. बरं, तेही सोसलं असतं. पण महिपतीचं ते रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं मशीन चालू होतं, आणि त्याचा आवाज काही बरोबर येईना. बारीक किरकिर. सुरू होताना जास्त, वेग घेतला की कमी. मामा, असल्या कामाला चित्त एका जागी लागतं, आणि माझं चित्त जाऊन बसलं त्या मशीनच्या बेअरिंगमध्ये. अर्ध्या तासाने मी बाहेर आलो आणि महिपतीला सांगितलं, बेअरिंग गेलंय. तो म्हणाला, “आणि बाटली?” मी म्हटलं, बाटलीचं मागाहून बघू, आधी स्क्रूड्रायव्हर काढ. दुकानातून नवीन बेअरिंग आणून बसवून दिलं, मशीन लोण्यासारखं फिरायला लागलं. साखरवाल्या म्हाताऱ्यांनी शाबासकी दिली. बाटली होती तशी कोरी.

शेवटी महिपतीने परवानगी दिली, की घरून आणा, पण पाऊण तासाच्या आत, आणि गार पडू देऊ नका, अंगाच्या उबेत ठेवा. अंगाची ऊब म्हणजे काख. उजव्या हाताला गाडीची मूठ, म्हणून बाटली डाव्या काखेत दाबली, वरून स्वेटर घातला आणि निघालो. आता मला नेमकी वेळ कुठली मिळावी? दुपारच्या तीनची, पाळी बदलायची. वसाहतीच्या फाट्यावर कामगारांच्या बसा आडव्या, मोटरसायकली उभ्या, आणि प्रत्येकजण माझा ओळखीचा. “ओ मिस्त्री!” करून हात वर करतात. मी हात वर केला तर वंश रस्त्यावर पडणार. मी नुसती मान हलवत, खांदा आखडून, चिकटवल्यासारखा बसलेला. एकाने गाडीच अडवली, घरचा पंप पाणी ओढत नाही म्हणून. म्हटलं, आधी लाइन बघ. तो म्हणाला, “तुमच्या हाताला काय झालं?” काय सांगणार? म्हटलं, काखेत गळू झालंय. संध्याकाळपर्यंत घरी तीन औषधं येऊन पोचली, एक चुन्याचं, एक कांद्याचं आणि एक वास घेतल्यावर विचारावंसं वाटलं नाही असं. भागोजीच्या कानावर गेलं, म्हणजे आईच्याही गेलं असणार. म्हणून वर काख बरी आहे असं लिहिलंय.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. इंग्रजीत होता, पण त्यात तांबड्या शाईने लिहिलेला एक शब्द मला येतो. निल. मी महिपतीला म्हटलं, बेअरिंग नवीन आहे, तुझं मशीन आता जास्त जोरात फिरत असेल, त्यात काहीतरी उडून गेलं असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकावर विसंबायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करू. पुन्हा काख, पुन्हा स्वेटर. काल त्याचा कागद हातात आला. निल.

बाईंनी दोघांना बसवून समजावलं. मोठ्या वयात गालगुंड झाली की क्वचित एखाद्याला ती खाली उतरते आणि असं करून जाते. मी विचारलं, तेव्हा डॉक्टरकडे नेलं असतं तर? त्या म्हणाल्या, नेलं असतं तरी काही हातात नव्हतं. लेप लावला काय, न लावला काय, सारखंच. तुळसाची फाइल त्यांनी बंद केली, तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “यात काहीच दोष नाही. पहिल्या पानापासून नव्हता.” पुढच्या वाटा मुंबईला आहेत, एक वाट संस्थेतून मूल दत्तक घेण्याचीही आहे. त्याचं आम्ही सावकाश ठरवू.

येताना गाडीवर तुळसाने फाइल मांडीवर धरली होती. सावित्रीच्या पुलावर आल्यावर म्हणाली, “या फायलीचं आता काय करायचं?” म्हटलं, ठेव घरी. म्हणाली, “नको, ओझं हाय.” घरी येऊन तिने सुकट घालून वांगं केलं, डोळ्यांतून पाणी येईल असं तिखट, आणि वाढताना म्हणाली, “घ्या, पथ्य संपलं.” आणि हसायला लागली. मीही हसलो. मग ती मोरीत हात धुवायला गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, उद्याच मामांना पत्र टाकतो, आईला कळू दे. तर म्हणाली, “आयना नका सांगू. त्यांनीच तुमाला डॉक्टरकडं न्हेऊ दिलं नाय. त्यांना वाटंल आपल्या हातानं झालं. म्हातारपनी कशाला? मला आता सवय हाय.” आणि माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं. म्हणून हे कंस आहेत, मामा. कबूल केलंय की आईला सांगणार नाही. तुम्हाला सांगणार नाही असं कबूल केलेलं नाही.)

तर एकूण सगळं ठीक आहे. आईने थंडीत जपावं. १४ तारखेला मी एकटा सकाळच्या एसटीने येतो. दुपटं आणतो.

आपला आज्ञेतला भाचा,
मालोजी

ता. क. मामा, वरची सही करून पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो. तुळसा समोर बसून दुपट्याच्या कोपऱ्याला राहिलेला एक टाका घालत होती. ‘एकटा येतो’ हे मी तिच्यादेखत मोठ्याने म्हणत लिहिलं आणि तिने ‘बरं’ म्हटलं. ते ‘बरं’ काही मला बरोबर ऐकू आलं नाही. बेअरिंग गेल्यावर येतो तसा आवाज होता. तेव्हा मी शब्द मोडतोय, आणि तो मोडायला तुम्हाला सोबतीला घेतोय. आईला पुन्हा ओट्यावर बसवा. हे पत्र पहिल्यापासून वाचा, आणि या वेळी कंसातलं मोठ्याने वाचा. कंसाबाहेरचं वाचलं नाही तरी चालेल, त्यात काही नाही. ओटीचा तिचा निरोप मी लिहिलाय तसाच, तिच्याच शब्दांत वाचा. लेपाचं दोनदा वाचा, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तीनदा. ती रडायला लागली तर वाचन थांबवा, पण पत्र खिशात घालू नका. आणि हैबतीच्या म्हातारीला वाचलंत तसं हिला वाचू नका, मामा, हात जोडतो.

दुसरा ता. क. मागणी एकच आहे. घर तुमचं, सून तुमची, त्या दिवशी शब्द तुमचा चालतो. सेजलची पहिली ओटी तुळसाने भरायची. आईने स्वतः तिच्या हातात नारळ द्यायचा. होकार असेल तर भागोजीबरोबर ‘दोघं या’ एवढे दोनच शब्द धाडा, आणि त्याला सांगा, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बोल. नकार असेल तर दुपटं टपालाने येईल.

तिसरा ता. क. त्या इंजिनियरची आणि माझ्या कानाची गोष्ट आईला दोनदा वाचून झाली असेल, तर तीही आता दुरुस्त करून सांगा. मी मान वाकडी करतो ती कसब म्हणून नाही. चालणारा कान यंत्राकडे वळवावा लागतो. गालगुंड जाताना ते आणखी एक काम करून गेली होती, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुळसाला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून ती माझ्या उजव्या बाजूलाच बसते, आणि का बसते ते तिने कुणालाही, मलासुद्धा, कधी बोलून दाखवलं नाही. महिपतीची मात्र मी उगाच बदनामी केली. तो लाजला नव्हता. पथ्य कशाचं ते त्याने पहिल्याच दिवशी सगळं नीट सांगितलं होतं, डाव्या कानात.